गोळी घेतली का?

आमच्या सेंटरवर मिळणाऱ्या गोळ्यांच्या प्रत्येक डबीत एक छोटी पांढरी पुडी असते. ओल शोषून घेणारी. तिच्यावर ‘खाऊ नये’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. पेशंट महिन्याला डबी घेऊन येतो, आम्ही ती स्टीलच्या ताटलीत पालथी करतो, उरलेल्या गोळ्या मोजतो आणि पुडी टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकतो. कशासाठी ठेवतो, ते आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही. परवा तो ड्रॉवर उघडेना. माझ्या डोक्याचंही साधारण तेच झालंय, फक्त तिथं पुड्यांऐवजी किस्से अडकलेत.

सेंटर म्हणजे एआरटी सेंटर. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना रोजची गोळी जिथून मिळते ते. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँड ओलांडून. तिथं मी कौन्सेलर, म्हणजे लोकांना समजावणारी. घरी कुणी माझं ऐकत नाही, हा भाग वेगळा.

इथली नावं, गावं, धंदे सगळं बदललंय. तसं आमच्या सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बदलतेच आहेस तर देशमुख कर. पुढच्या जन्मी तरी कुठं होणार आहे!”

तर, देशमुख सिस्टर.

*

सुरुवात माझ्या चुकीपासून करते, म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको.

मी नोकरीला लागले तेव्हा माझी ओवी आठ महिन्यांची होती. समोर पेशंट बोलत असायचा आणि माझ्या डोक्यात चालू असायचं की तिनं दूध घेतलं असेल का, सासूबाईंना झाकण नीट लावता आलं असेल का, ते झाकण तिनं गिळलं तर नसेल! अशा अवस्थेत एके दिवशी माझ्यासमोर भाऊसाहेब बसले.

भाऊसाहेब गंगापूरकडचे. वय पंचेचाळीस. ट्रॅक्टर चालवतात, हंगामात कारखान्यावर उसाच्या खेपा करतात. बायको निगेटिव्ह, आणि ती निगेटिव्हच राहावी एवढं एकच मागणं ते देवाकडे मागतात. दारू रोजची नाही, पण शनिवारचा बाजार, कुणाची जत्रा, कुणाचा पाहुणा, असं निमित्त सापडलं की सोडत नाहीत.

मी घड्याळाकडे बघत म्हणाले, “भाऊ, एक लक्षात ठेवा. दारू आणि ही गोळी, दोन्ही एकत्र नकोत.”

“बरं मॅडम,” ते म्हणाले. मीही खूश. पटकन समजलं की!

त्यानंतर दर महिन्याला त्यांच्या डबीत पाच-सहा गोळ्या उरायच्या. मी विचारायचे, “राहिल्या का?” ते म्हणायचे, “राहिल्या.” आणि मी वहीत लिहायचे, ‘राहिल्या’. ‘का राहिल्या?’ हे विचारायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं मला घरी जायला हवी असायची.

सहा महिन्यांनी व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू किती आहेत, ते सांगणारी ही तपासणी. भाऊसाहेबांचा आकडा लाखाच्या घरात! लिव्हरही सुजलेलं. डॉक्टरसाहेबांनी त्यांना समोर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं, “असंच चालू राहिलं तर विषाणू या गोळीला सरावेल. मग तिचा उपयोग उरणार नाही. तुम्हालाही धोका आणि घरच्या बाईंनाही. गोळ्या का चुकवता?”

भाऊसाहेबांना खरंच अपमान वाटला.

“चुकवत नाय, साहेब! मॅडमनी सांगितलं तसंच करतो. ज्या दिवशी दारू, त्या दिवशी गोळी नाय. एकडाव बी मोडलं नाय!”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पुड्यांच्या ड्रॉवरकडे बघितलं.

सिस्टर हळूच म्हणाल्या, “एवढा आज्ञाधारक पेशंट सेंटरवर दुसरा नाही.”

*

त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. ओवीही रडली, सोबत म्हणून. दुसऱ्या दिवशी मी फोन लावून एकेका पुरुष पेशंटला विचारलं की दारू घेतलेल्या दिवशी गोळीचं काय करता? बरेच जण भाऊसाहेबांसारखेच निघाले. त्यांना तर मी काही सांगितलंही नव्हतं! कुणी ट्रकवर ऐकलं होतं, कुणी न्हाव्याकडे. “गोळी अन् दारू पोटात भांडत्यात,” असं एकानं सांगितलं. म्हणून तो बिचारा भांडण टाळण्यासाठी गोळीला घराबाहेर ठेवायचा.

मग आम्ही गट काढला. महिन्यातला दुसरा गुरुवार, सकाळी अकरा, फक्त पुरुष. नियम एकच, खरं बोलायचं.

पहिल्याच गुरुवारी एक सर आले. कॉलेजात शिकवतात. अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल. सिस्टर म्हणाल्या, “यांना ओळखायचं म्हणजे एक्स-रेच काढावा लागेल.”

फॉर्म भरताना मी विचारलं, “सर, दारू घेता का?”

“छे! मी ड्रिंक करत नाही. सोशली घेतो.”

“बरं. आठवड्यातून किती दिवस सोशल असता?”

सरांनी गॉगल काढला, जरा विचार केला आणि म्हणाले, “तसा मी रोजच मनमिळाऊ असतो.”

सरांच्या डबीत कधीच गोळी उरायची नाही. मोजलं की शून्य. आदर्श पेशंट! पण एकदा त्यांना कुठंतरी जायचं होतं म्हणून ते दोन दिवस आधी आले. ताटलीत तरीही शून्य.

“सर, दोन उरायला हव्या होत्या.”

सर टोपी सारखी करत म्हणाले, “ॲडव्हान्स घेतल्या.”

सिस्टर म्हणाल्या, “सर, सगळं खरं सांगून टाका. टोपी आम्ही धरतो.”

उरलेल्या गोळ्या येताना वाटेत फेकून देतो, हे कबूल करून त्या दिवशी सरांनी मास्कही काढला. आत चांगला हसरा माणूस निघाला. हात मात्र थरथरत होते. डॉक्टरांनी त्यांना बजावलं की रोजची सवय आपल्या मनानं एका दिवसात तोडू नका, ते धोक्याचं असतं, आमच्या देखरेखीखाली हळूहळू सोडू. आता सर गटाचे सेक्रेटरी आहेत आणि बैठकीचं इतिवृत्त लिहितात. मागच्या खेपेचं माझ्याकडे आहे: ‘दारू कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर. शकीलभाई यांनी आधीच सोडलेली असल्याने ते तटस्थ राहिले.’

*

शकीलभाई म्हणजे आमचे रिक्षावाले. मूळचे खुलताबादचे, आता रिक्षा शहरात चालवतात. तीन वर्षं झाली, थेंबाला शिवले नाहीत. गटातले सगळ्यात सीनियर.

एका गुरुवारी मला ‘एक पेग म्हणजे किती’ ते समजावायचं होतं, कारण प्रत्येक जण म्हणायचा, “एकच घेतो.” मोजायला माप हवं. सेंटरवर माप नाही. माझ्या पर्समध्ये ओवीची दुधाची बाटली होती, त्यावर एमएलच्या रेघा. मी म्हटलं, हे तांब्यातलं पाणी घ्या आणि आपापला ‘एक’ यात ओतून दाखवा.

सरांचा ‘एक’ नव्वदच्या रेघेपर्यंत गेला. भाऊसाहेबांनी ओतायला सुरुवात केली. शंभर झाले, दीडशे झाले. बाटली काठोकाठ भरली तरी तांब्या वाकडाच!

शकीलभाई बघत होते. म्हणाले, “म्याडम, ये बच्चे की बोतल है. भाऊ के लिए बाल्टी मंगाव.”

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. पण भाऊसाहेब हसले नाहीत. भरलेली बाटली उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

“एवढी?” म्हणाले. “एकात एवढी?”

बाटलीत शेवटपर्यंत फक्त पाणी होतं. तरी घरी जाऊन मी ती सात वेळा उकळली.

*

प्रश्न उरला तो भाऊसाहेबांचा. दारू सोडा म्हटलं की “सोडतो” म्हणायचे, आणि शनिवार आला की शनिवार जिंकायचा. त्यांची गोळीची वेळ रात्री नऊ. मी तक्ते काढले, रंगीत चौकोन केले, मोबाइलमध्ये अलार्म लावून दिला. शनिवारी नऊला अलार्म वाजायचा, आणि ते मोबाइल खिशातून काढून मोठ्या प्रेमानं बंद करायचे.

शेवटी देशमुख सिस्टर म्हणाल्या, “शनिवारी रात्री नऊला हा माणूस कुठं असतो?”

“गुत्त्यावर.”

“आणि रोज सकाळी आठला?”

भाऊसाहेबच म्हणाले, “गावातल्या टपरीवर. च्या प्याया.”

“झालं तर मग!”

दोन वर्षांचं माझं शिक्षण आणि तीन ट्रेनिंगं बाजूलाच राहिली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि गोळी सकाळी आठची झाली.

भाऊसाहेब रोज एक गोळी वेगळी काढून तंबाखूच्या चंचीत ठेवू लागले. चंचीकडे बघून गावात कुणी काही विचारत नाही. टपरीवाल्यानं मात्र विचारलं, “भाऊ, ही कशाची?”

“बीपीची.”

टपरीवाल्याचे वडील बीपीनंच गेलेले. त्यानं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, गोळी गिळल्याशिवाय भाऊंना चहा नाही. एकदा भाऊसाहेब आले नाहीत तर पठ्ठ्या गिऱ्हाईक सोडून, पाण्याचा ग्लास हातात घेऊन त्यांच्या शेतावर हजर!

भाऊसाहेब गटात सांगत होते, “मॅडम, तुम्ही लई मऊ बोलता. त्यो शिव्या देतो. गुण येतो.”

*

खरी परीक्षा गटारीची. गेल्या गटारीला बिडकीनहून त्यांचा मेव्हणा रामकिसन मटण आणि बाकी सगळं घेऊन आला होता आणि भाऊसाहेबांच्या सलग आठवडाभर गोळ्या बुडाल्या होत्या. यंदा काय होणार?

आमचं ठरलेलं होतं, गोळी घेतली की त्यांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले. फोन नाही. आठ-दहा. नाही. मी ओवीला अंघोळ घालत होते आणि मनातल्या मनात भाऊसाहेबांना एकदा विहिरीत, एकदा ट्रॅक्टरखाली आणि एकदा आयसीयूत बघून झालं होतं. ओवीच्या डोक्याला दोनदा शाम्पू लागला.

आठ-पंचवीसला अनोळखी नंबरवरून फोन आला.

“मॅडम, म्या भाऊसाहेब. फोन हौदात पडला. हा टपरीवाल्याचा हाय. घेतली.”

“आणि काल?”

“काल बी घेतली.”

मी जीव मुठीत धरून विचारलं, “आणि दारू?”

पलीकडे स्टोव्हचा आवाज बारीक झाला.

“ती बी घेतली. पर मॅडम, क्रम बरोबर व्हता!”

खरं तर ओरडायला हवं होतं, पण मी एवढंच म्हणाले, “शाब्बास!” बाथरूमच्या दारात उभ्या सासूबाईंना वाटलं, ओवीनं स्वतः डोकं धुतलं.

गटारीनंतर श्रावण. श्रावणात भाऊसाहेब शिवत नाहीत, ते त्यांचं लहानपणापासूनचं. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. डबीत गोळी उरेना आणि वहीत दारूच्या रकान्यात काही लिहायची वेळ येईना. शेवटी मीच विचारलं, “भाऊ, श्रावण संपून दोन महिने होत आले की हो!”

“आसं?” भाऊसाहेब डोळे मोठे करून म्हणाले. “मला कुणी सांगितलंच नाय!”

दिवाळीच्या आधी रिपोर्ट आला. आकडा बराच खाली आलेला, पण अजून होता. डॉक्टर म्हणाले, “चांगलंय. पण ढिलाई नको.” हे ‘पण’ घेऊन मी दोन रात्री झोपले नाही.

*

झोप न येण्याचं कारण होतं. रामकिसनच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. वैशाखात, बिडकीनला. भाऊसाहेब म्हणजे थोरले दाजी, आणि हळदीला थोरल्या दाजींच्या हातात ग्लास नाही, असं त्या घरात आजवर झालेलं नव्हतं. आजार तर सांगता येत नाही. मग नाही म्हणायचं कसं?

आम्ही गटात सराव घ्यायचं ठरवलं. मी झाले रामकिसन. ओढणीचं उपरणं केलं, एक पाय खुर्चीवर ठेवला, स्टीलच्या ग्लासात लिंबूसरबत घेतलं.

“घ्या की वो दाजी, एकच!”

“मला कावीळ झालीय,” भाऊसाहेब म्हणाले.

“मागच्या लग्नात बी कावीळच व्हती! दुसरं सांगा!”

“उपास हाय.”

“आन् मटण वाढून घेतलं ते?”

शकीलभाई मागून म्हणाले, “भाऊ, ग्लास खाली नक्को रखो. सोडा भरके हात में पकडो. खाली हात दिखा तो लोगां भरते.”

मला स्वतःला इतकं नीट जमेल असं वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या कामात रंगून गेले होते. मी भाऊसाहेबांची कॉलर धरली, ग्लास त्यांच्या तोंडाला लावला आणि ओरडले, “आज नाय घेतली ना दाजी, तर माझं मेलेलं तोंड बघाल!”

दार उघडलं. दारात मुंबईहून पाहणीला आलेलं पथक. दोन साहेब, एक बाई आणि एक फाइल.

सरबताचा एक थेंब भाऊसाहेबांच्या हनुवटीवरून खाली पडला.

थोरल्या साहेबांनी विचारलं, “या कोण?”

“आमच्या कौन्सेलर,” देशमुख सिस्टर शांतपणे म्हणाल्या. “दारू सोडवतायत.”

पाहणीचा शेरा पुढं आठवड्याभरानं आला: ‘समुपदेशन प्रभावी आहे. आवाज थोडा कमी असावा.’

*

एक किस्सा सांगायचा नव्हता, पण सिस्टरनी तो सगळ्यांना सांगितलाच आहे.

सासूबाई गावाला गेल्या होत्या म्हणून एका दुपारी ओवीला मी सेंटरवर आणलं. भाऊसाहेब डबी दाखवायला आले होते. माझ्या पर्समधून ओवीच्या लोहाच्या थेंबांची बाटली बाहेर पडली. त्यांनी ती उचलली.

“ही कवाची?”

“तीन महिन्यांपूर्वीची. रोज द्यायचीय.”

त्यांनी बाटली उजेडात धरली. उजेडात धरायची सवय त्यांना आम्हीच लावलेली. “मग संपाया पायजे व्हती. ही तर अर्धी हाय.”

“अहो, तिला सारखी सर्दी होते. सर्दीचं औषध चालू असलं की मी हे देत नाही. म्हटलं, दोन्ही एकत्र नको...”

आणि मी थांबले.

सिस्टरनी फक्त मोजायची ताटली उचलली आणि माझ्यासमोर सरकवली.

*

मार्चमध्ये, ऊन तापायला लागलं तेव्हा, भाऊसाहेबांचा रिपोर्ट आला. त्या दिवशी गुरुवार होता आणि सगळे हजर होते. डॉक्टरांनी कागद सरांकडे दिला, कारण इंग्रजी वाचायचा मान त्यांचा. सरांनी घसा साफ केला आणि वाचलं, “टार्गेट नॉट डिटेक्टेड.”

“म्हंजी?”

“म्हणजे मशीनला तुमच्या रक्तात विषाणू सापडला नाही,” डॉक्टर म्हणाले. “आहे तो, पण दडून बसलाय. गोळी रोज घेतली तर तसाच दडून राहील. लिव्हरही सुधारलंय.”

भाऊसाहेबांनी टोपी काढली. “मग हिला? घरच्यांना?”

“असंच टिकवलंत तर तुमच्यापासून त्यांना धोका नाही.”

ते उठून खिडकीपाशी गेले आणि सायकल स्टँडकडे बघत उभे राहिले. चांगला धिप्पाड माणूस, खांदे हलत होते. सिस्टर म्हणाल्या, “उन्हाचा त्रास होतोय बहुतेक,” आणि स्वतःचेच डोळे पुसले.

मग एक भलतीच अडचण उभी राहिली. आनंद तर झाला, आता करायचं काय? या मंडळींना आनंद साजरा करायची एकच रीत माहीत!

सर म्हणाले, “यावर चर्चा व्हावी.”

शकीलभाई म्हणाले, “चर्चा नक्को. बैठो रिक्षा में!”

सगळे मिळून रसवंतीवर गेले. माझ्या आणि सिस्टरच्या हातातही रसाचा ग्लास आला. ग्लासाला ग्लास लावून झाला आणि शकीलभाईंनी जुन्या सवयीनं डोळे मिटून, नाक दाबून रस एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, हाताच्या पालथ्या बाजूनं मिशी पुसली आणि रसवंतीवाल्याला म्हणाले,

“चखने में क्या है?”

*

आता शेवटचं.

मुलांचा पहिला शब्द आई, बाबा, मम असा काहीतरी असतो. शब्द ओवीलाही आले, पण तिचं पहिलं आख्खं वाक्य होतं, “गोळी घेतली का?” रोज सकाळी तिला भरवताना मी बाकीच्या पेशंटना फोनवर तेच विचारायचे, नाव न घेता. त्याचा हा परिणाम. सोसायटीतल्या हळदी-कुंकवाला तिनं एकेका बाईसमोर उभं राहून हेच विचारलं. समोरच्या फ्लॅटमधली नवी सूनबाई इतकी लाजली की तिळगूळ न घेताच गेली. मला घोर लागला. हे बरोबर आहे का? पोरीच्या मनावर काही परिणाम? डॉक्टरांना दाखवू का? नवरा म्हणाला, “दाखव. पण तिनं त्यांनाच विचारलं तर?”

वैशाख आला. बिडकीनच्या हळदीचा दिवस उजाडला. भाऊसाहेबांचा सकाळी आठचा मिस्ड कॉल आला. संध्याकाळपर्यंत मी शंभर वेळा फोन बघितला. सात वाजता मी ओवीला वरणभात भरवत होते आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. भाऊसाहेब!

मागं मांडव, पिवळे झालेले लोक, डीजेचा दणदणाट. भाऊसाहेबांच्या कपाळालाही हळद. हातात ग्लास, त्यात सोडा. पण बाजूला रामकिसन, आणि त्याच्या हातातल्या ग्लासात सोडा नव्हता.

“मॅडम, ह्ये आमचे पाव्हणे,” भाऊसाहेब ओरडून म्हणाले. “ऐकतच नायत. म्हनलं, बीपीच्या दवाखान्यातल्या मॅडमलाच इचारा!”

रामकिसननं फोन हातात घेतला. मी सरावात केला होता त्याहून हा माणूस कितीतरी गोड होता.

“मॅडम, तुमीच सांगा! माज्या लेकीची हळद हाय. दाजीला एक चालंल का नाय? फकस्त एकच! समद्यांच्या समोर सांगा!” आणि त्यानं मागं वळून हात केला. “ए, बंद कर रे डीजे! मॅडम बोलायल्यात!”

डीजे बंद झाला. सगळा मांडव फोनकडे बघू लागला.

नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार, आणि नुसत्या बीपीनं त्या मांडवाचं समाधान होणार नाही. हो म्हणणं तर शक्यच नाही. मनात आलं, संपलं! दीड वर्षाची कमाई आता माझ्याच तोंडानं जाणार, पहिल्यासारखीच!

तेवढ्यात ओवीनं वरणाचा हात फोनवर ठेवला, तोंड पुढं केलं आणि आख्ख्या मांडवाला खणखणीत विचारलं,

“गोळी घेतली का?”

मांडवातल्या माना एकमेकांकडे वळल्या.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “च्यायला! मपली बीपीची राह्यली की!”

“माजी बी शुगरची! ए, पिशवी कुठंय?”

“आप्पा, तुमची बी राह्यली! उठा!”

खुर्च्या सरकल्या. कुणी खिसे चाचपू लागलं, कुणी बायकांच्या बाजूला हाका मारू लागलं. पाण्याच्या बाटल्या इकडून तिकडं फिरल्या. भरलेले ग्लास टेबलावर तसेच.

रामकिसन जाग्यावरच होता. त्यानं हातातल्या ग्लासाकडे बघितलं, मग फोनकडे, आणि आवाज खाली आणून मला विचारलं,

“मॅडम, बीपीची मला बी चालू हाय. पर आज हळद म्हनून सोडली. दोन्ही एकत्र नको ना?”

मी तोंड उघडलं.

पण फोन त्याच्या हातात उरला नव्हता. पडद्यावर फक्त मांडवाची झालर दिसत होती आणि आवाज येत होता तो भाऊसाहेबांचा.

“मॅडमला काय इचारतो? ग्लास ठेव खाली. आन् डबी आन तुपली.”

“डबी? ती काहून, दाजी?”

“आन तर. आन् येताना एक ताटली बी घिऊन ये.”